कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध सोसवेल कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली की लोक तपासणीबद्दल दोन प्रश्न विचारतात आणि आदल्या रात्रीच्या औषधाबद्दल वीस. त्यांचं बरोबरच आहे. तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची, त्यातही बहुतेकांना झोपेचं इंजेक्शन दिलेलं असतं. औषध मात्र जागेपणी, आपल्या घरात, आपल्या हाताने प्यायचं असतं. ते अर्धवट टाकणारे पेशंट मी खूप पाहिलेत. त्यांतल्या बहुतेकांना कुणी शेजारी बसून नीट सांगितलेलंच नव्हतं. ते सांगणं इथे करते आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमची किडनी, हृदय आणि चालू गोळ्या त्यांना माहीत आहेत.

माझं पोट रोज साफ होतं. मग एवढा खटाटोप कशाला?

रोज साफ होतं ते आतड्याचं शेवटचं टोक. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि आतून घड्याघड्यांचं असतं. आम्ही त्यात पॉलिप शोधत असतो, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेले छोटे कोंब. काही पॉलिप देठावरच्या अळंबीसारखे उठून दिसतात. काही मात्र अगदी चपटे, आजूबाजूच्याच रंगाचे, वरून चिकट पदार्थाचा पातळ थर असलेले. असे चपटे पॉलिप जास्त करून उजव्या बाजूच्या आतड्यात सापडतात. काही मिलिमीटरचा असा पॉलिप मळाच्या एका लपक्याखाली सहज दडतो. तो वेळेत दिसला तर त्याच बैठकीत काढून टाकता येतो. काही पॉलिपचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला सहसा बरीच वर्षं लागतात. तेवढ्या मुदतीत तो दिसावा, यासाठीच ही तपासणी.

आतडं किती स्वच्छ आहे याला आम्ही गुणही देतो. बोस्टन मोजपट्टीवर उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३, एकूण ९ गुण. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर तपासणी भरवशाची. एखाद्या भागाला १ मिळाला तर तो भाग नीट पाहिला असं आम्ही म्हणू शकत नाही, आणि सगळं पुन्हा करायची वेळ येते.

रात्रीच सगळं औषध पिऊन टाकलं तर? पहाटे उठायचं जिवावर येतं.

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. सकाळच्या तपासणीसाठी औषध दोन हप्त्यांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं त्या दिवशी पहाटे.

कारण असं. आतडं रात्री धुऊन निघालं तरी पोटाचं काम थांबत नाही. लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव येतच राहतो आणि सगळ्यात आधी मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात उतरतो. रात्री आठला औषध संपवून सकाळी दहाला टेबलावर आलेल्या माणसाच्या उजव्या आतड्यात आम्हाला पिवळट, चिकट थर दिसतो, आणि चपटे पॉलिप नेमके तिथे. पहाटेचा हप्ता हा थर धुऊन काढतो. शिवाय २ लिटर एका दमात पिण्यापेक्षा एक-एक लिटर दोनदा पिणं पोटालाही झेपतं. उलट्या कमी होतात, पोट फुगत नाही.

दुसरा हप्ता तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा आणि निदान २ तास आधी संपवायचा. तपासणीला २ तास उरले की पाण्याचा घोटही नाही, कारण झोपेच्या इंजेक्शनच्या वेळी पोट रिकामं लागतं. समजा तपासणी १० वाजता आहे. पाचचा गजर लावा, सातपर्यंत औषध संपवा, आठपर्यंत साधं पाणी चालेल, नंतर तोंड बंद. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जास्त वेळ उपाशी राहायला सांगितलं असेल तर तेवढा वेळ धरा.

तपासणी दुपारी असेल तर पुष्कळदा सगळं औषध त्याच सकाळी घेता येतं. रात्रीची झोप शाबूत राहते. तारीख घेताना हे जरूर विचारा. बरेच लोक विचारत नाहीत आणि आम्हीही घाईत सांगायचं विसरतो.

२ लिटर घशाखाली कसं उतरवायचं?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेगच्या, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाच्या पोट साफ करणाऱ्या औषधाच्या, पावडरचं पाकीट देतात आणि ते २ लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. चव खारट, थोडी साबणासारखी. थंड केल्यावर ती बरीच दबते. म्हणून दुपारीच कालवून फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ घालून पातळ करू नका, बाटलीच गार होऊ द्या. इतकं गार पाणी प्यायल्यावर म्हाताऱ्या माणसांना हुडहुडी भरते, तेव्हा शाल जवळ ठेवा.

दर १० ते १५ मिनिटांनी एक ग्लास, साधारण २५० मिलि. घुटके घेत बसू नका. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला टेकवून भराभर ओढा, म्हणजे चव कमी लागते. ग्लास संपला की लिंबाची फोड चोखा किंवा पुदिन्याची गोळी चघळा, आणि बसून न राहता घरातल्या घरात फेऱ्या मारा. चालल्याने औषध पुढे सरकतं. वासाने मळमळत असेल तर झाकणाच्या स्टीलच्या बाटलीतून प्या. चव बरी लागावी म्हणून साखर मात्र घालू नका. साखरेमुळे औषधातलं क्षारांचं माप बिघडतं, आणि आतड्यातले जंतू न पचलेल्या साखरेपासून पेट घेणारा वायू तयार करू शकतात. पॉलिप कापायला विजेचा चटका देतात, तिथे असा वायू नको. पूर्वी मॅनिटॉल नावाच्या साखरेच्या औषधाने पोट साफ करत, आणि याच कारणाने आतड्यात स्फोट झाल्याच्या घटना वैद्यकीय इतिहासात नोंदल्या आहेत.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी बाटलीवर चिकटपट्टीच्या आठ रेघा लावल्या होत्या आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आठ वेळा लिहून काढल्या होत्या: ६.००, ६.१५, ६.३०… एकेक ग्लास झाला की बरोबरची खूण. मला म्हणाल्या, "सिस्टर, दोन लिटर बघितलं की धडकी भरत होती. पुढचा एकच ग्लास बघायचा म्हटल्यावर जमलं." तेव्हापासून मी प्रत्येकाला ही युक्ती सांगते.

हे औषध करतं तरी काय? नुसतं पाणी पिऊन चालणार नाही?

नुसतं पाणी आतड्यात शोषलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. पेगचे रेणू मोठे असतात. ते शोषले जात नाहीत आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे प्यायलेलं पाणी जवळजवळ तसंच खाली वाहत जातं. सोबतचे क्षार अशा मापाने घातलेले असतात की शरीरातलं मीठ-पाणी फारसं ओढलं जात नाही. हे मिश्रण १९८० मध्ये अमेरिकेत जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. त्याआधी दोन-तीन दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं, वर कडक जुलाब आणि एनिमा, असा प्रकार असे.

सल्फेटवाली कमी प्रमाणाची औषधंही मिळतात. प्यायला कमी म्हणून लोकांना ती आवडतात. पण ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढतात, म्हणून पाकिटावर सांगितलेलं वरचं पाणी पिणं हा औषधाचाच भाग असतो. तो गाळायचा नाही.

घरचं एरंडेल घेतलं तर? किंवा त्रिफळा, इसबगोल?

नाही. एरंडेलाने जुलाब होतात, मुरडा येतो, पण तपासणीला लागतं तसं आतडं धुऊन निघत नाही. इसबगोल तर काही दिवस आधीपासून बंदच करायचं, कारण त्याचा चिकट लगदा आतड्यात राहतो.

खाण्याचं पथ्य किती दिवस? काय खायचं?

ज्यांना बद्धकोष्ठ नाही, आधीची तपासणी खराब आतड्यामुळे फुकट गेलेली नाही, अशांना आदल्या एका दिवसाचं पथ्य पुरतं. युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना असंच सांगतात. पूर्ण उपाशी राहायची गरज नसते. कमी चोथ्याचं हलकं जेवण सकाळी आणि दुपारी चालतं. काही रुग्णालयं दोन-तीन दिवस पथ्य सांगतात, तर तसं करा.

चालतं ते असं: पांढरा मऊ भात, दही, ताक, भाज्या न घातलेला रव्याचा साधा उपमा, इडली, पांढरा ब्रेड, साल काढून उकडलेला बटाटा, अंडं, मासे, चिकन, पनीर. दहीभात ज्याला आवडतो त्याचा हा दिवस आरामात जातो.

चालत नाही ते: ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पोळी, सगळ्या पालेभाज्या, मोडाची मटकी, शेंगदाणे, तीळ, खसखस, ओलं खोबरं, कोथिंबीर, टोमॅटो, वांगं, भेंडी, पेरू, डाळिंब, अंजीर, कलिंगड, सीताफळ. बियांचा त्रास फार होतो. दुर्बिणीतून पाणी आणि मळ ओढून घ्यायला बारीक नळी असते, तीत पेरूची बी अडकली की काम थांबतं. फोडणीची मोहरीही अशीच गोलगोल फिरताना दिसते. त्या दिवशी फोडणी नकोच, मीठ आणि हळद पुरे.

एक गैरसमज आपल्या घरांत नेहमीचा आहे: "एकादशी धरू, म्हणजे पोट हलकं राहील." मग सकाळी साबुदाणा खिचडी, दुपारी रताळी, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. खिचडीत दाण्याचं कूट मूठभर, रताळ्यात चोथा, राजगिरा म्हणजे तर नुसत्या बियाच. उपासाचं पान आणि या तपासणीचं पान वेगळं. साबुदाण्याची नुसती दुधातली खीर दुपारपर्यंत चालेल.

औषध सुरू केल्यावर काय प्यायचं?

ज्यातून आरपार दिसतं ते. ग्लासामागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली तर चालेल. साधं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, गाळलेलं नारळपाणी, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी, ओआरएस. कोरा चहा-कॉफी रंगाने गडद असली तरी चालते, कारण त्यात चोथा आणि साय नसते. नुसत्या पाण्यावर राहू नका, मीठ-साखर असलेलं काहीतरी अधूनमधून घ्या. नाहीतर चक्कर येते. दूध नको, सोलकढी नको. लाल-जांभळ्या रंगाचं काहीच नको, म्हणजे आपलं कोकम सरबतही नको. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो.

हे इतकं फोडून सांगते, त्याला कारण आहे. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे पेशंटला इंग्रजी कागद देत. एका आजोबांच्या मुलाने शहरातून फोनवर त्याचा अर्थ सांगितला, "फक्त पातळ घ्या." आजोबांनी दिवसभर पातळच घेतलं: आमटी, दूध, पातळ पिठलं. आत दुर्बीण घातली तर काही दिसेना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, सांगितलं तसंच केलं की." चूक आमच्या कागदाची होती, आणि औषध त्यांना पुन्हा प्यावं लागलं.

मळमळलं, उलटी झाली तर?

अर्धा तास थांबा, मग सावकाश पुन्हा सुरू करा. आता ग्लास २० मिनिटांनी एक. पहिल्या हप्त्याला मळमळतं त्यातल्या बऱ्याच जणांना जुलाब सुरू झाल्यावर बरं वाटतं, कारण वरचं खाली सरकतं. आधीपासून मळमळीची धास्ती असेल तर उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पहिल्या ग्लासाच्या अर्धा तास आधी घ्या. रात्री दहाला दुकान शोधत फिरायची वेळ येऊ नये. पुन्हापुन्हा उलटी होत राहिली तर रुग्णालयात फोन करा.

काही डॉक्टर सिमेथिकोनही देतात. त्याने आतड्यातला फेस बसतो आणि आम्हाला नीट दिसतं.

किती वेळाने सुरू होतं? किती वेळा जावं लागतं?

साधारण तासाभरात. कुणाला अर्ध्या तासात, कुणाला दोन-तीन तास लागतात. मोजत बसू नका, बऱ्याच वेळा जावं लागतं.

घराची तयारी मात्र आधी करा. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर बादल्या, पिंप भरून ठेवा. एकच संडास असेल तर घरच्यांना सांगा, ती संध्याकाळ तुमची. चाळीत राहत असाल, संडास बाहेर असेल तर शक्यतो ज्यांच्या घरात संडास आहे अशा नातेवाइकांकडे रात्र काढा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही. गुडघे दुखत असतील तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. रात्री वाटेतला दिवा चालू असू द्या आणि फरशी कोरडी असू द्या. जुलाबांनी थकलेली म्हातारी माणसं घाईत जाताना पडतात, म्हणून त्या रात्री घरात कुणी जागं असावं.

पहिल्या ग्लासाआधीच गुदद्वाराभोवती खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड हात फिरवा. दर वेळी कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, पुसू नका, आणि पुन्हा तेल लावा. चौथ्या-पाचव्या खेपेपासून आग सुरू झाल्यावर लावलेलं तेल तेवढं कामाला येत नाही.

आम्ही गावाहून येणार, पहाटेचं औषध पिऊन एसटीत कसं बसायचं?

बसू नका. तारीख दुपारची मागा किंवा आदल्या दिवशी येऊन रुग्णालयाजवळ राहा. कुठेच सोय नसेल तर भरती करून औषध देता येईल का, हे विचारा. शहरातल्या शहरात तासाभराचा प्रवास असेल तर शेवटच्या ग्लासानंतर तासभर जाऊ द्या आणि सोबत मोठ्यांचा डायपर घाला. पुष्कळ जण घालतात.

माझ्या रोजच्या गोळ्यांचं काय?

तपासणी ठरते त्याच दिवशी सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. काही गोष्टी आठवडाभर आधी ठरवाव्या लागतात.

लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, कारण त्याने मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि न विचारता चालूही ठेवायच्या नाहीत. स्टेंट किंवा झडप बसवलेली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचं नाव ग्लिफ्लोझिनने संपतं, त्या बहुधा ३-४ दिवस आधी थांबवायला सांगतात. त्या चालू असताना उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. इन्सुलिन कमी करायचं असतं, पण किती ते डॉक्टरांनी सांगायचं. साखर घरी मोजत राहा. घाम, थरथर, अंधारी आली तर लगेच साखरपाणी प्या, तपासणीची काळजी नंतर.

रक्तदाब, फिट, थायरॉइडच्या चालू ठेवायला सांगितलेल्या गोळ्या औषध सुरू करण्याच्या निदान तासभर आधी घ्या. नाहीतर त्या न विरघळता वाहून जातात.

किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे. औषध चालेल?

पेग अशा लोकांना जास्त सुरक्षित धरतात, तरी डॉक्टरांना सांगूनच. सोडियम फॉस्फेटचं औषध मात्र किडनीच्या पेशंटनी टाळायचं. त्याने किडनीला इजा झाल्याच्या घटना घडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये कडक इशारा दिला होता. शेजाऱ्याचं उरलेलं पाकीट म्हणूनच वापरू नका.

मला कायमचं बद्धकोष्ठ आहे.

हे आधीच सांगा. पथ्य आणखी एक-दोन दिवस वाढवतात, आदल्या दिवसांत सौम्य रेचक देतात, कधी औषधाचं प्रमाण वाढवतात. दुखण्यावर अफूवर्गीय गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी आतडं मंदावतं.

साफ झालं हे कसं ओळखायचं?

शेवटी येतं ते फिकट पिवळं, पारदर्शक, लघवीसारखं पाणी. थोडे पिवळे कण चालतात. तपकिरी, गढूळ असेल तर अजून व्हायचंय. पहाटेचा हप्ता संपल्यावरही गढूळच असेल तर निघण्याआधी फोन करा. पुष्कळदा आणखी औषध किंवा एनिमा देऊन, तपासणी थोडी पुढे ढकलून त्याच दिवशी होते.

आणि थोडं राहिलं असेल तर राहिलं म्हणून सांगा. एका काकांनी शेवटचे तीन ग्लास बेसिनमध्ये ओतले होते आणि पत्नीला वाईट वाटेल म्हणून "संपवलं" म्हणाले होते. त्यांनी मला कानात सांगितलं असतं तरी काम झालं असतं. आम्ही रागवत नाही.

औषध थांबवून लगेच दवाखान्यात कधी जायचं?

पोट फुगून कडक झालं आणि शौच-गॅस काहीच सुटत नसेल, पोटात असह्य दुखत असेल, भरपूर रक्त पडलं, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा माणूस बरळायला लागला तर. आतड्यात अडथळा असण्याची शंका असेल तर औषध सुरूच करायचं नाही.

तपासणीनंतर?

आत भरलेली हवा निघेपर्यंत पोट गुबारतं. गॅस सोडायला लाजू नका. घरी न्यायला माणूस हवा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पहिलं जेवण वरणभात. शौच नेहमीसारखी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पॉलिप काढला असेल आणि नंतर रक्त, ताप किंवा पोटात तीव्र दुखणं आलं तर फोन करा.

पुन्हा हे सगळं कधी करावं लागेल?

आतडं स्वच्छ होतं, काही सापडलं नाही आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही, तर बहुतेकदा १० वर्षांनी. पॉलिप निघाले तर त्यांची संख्या, आकार आणि प्रकार बघून त्याआधी. आतडं नीट साफ झालेलं नसेल तर वर्षाच्या आत. त्या शिक्षिकाबाईंचे दोन छोटे पॉलिप निघाले. बरोबरच्या आठ खुणांचं कॅलेंडरचं ते पान त्यांनी रिपोर्टच्या फाइलमध्ये लावलंय, आणि पुढच्या तपासणीचं साल त्याच्याच खाली लिहिलंय.